त्रुटिसंदेश कसा वाचावा? : पायथनमधील प्रकारटिपांच्या निमित्ताने

मी मराठी साहित्य शिकवते. संगणकशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही या अंकासाठी पायथन या संगणकभाषेतील एका अडचणीवर लिहिते आहे. त्याचे कारण सरळ आहे. बोलीतील शब्द, म्हणी, ओव्या गोळा करण्याचे काम आज आपल्यापैकी अनेक जण संगणकावर करतात. त्या कामात एक साधी चूक आमच्या हातून झाली आणि काही नोंदी कायमच्या अपुऱ्या राहिल्या. चूक करताना यंत्राने आम्हाला तीनदा उत्तर दिले होते. तिन्ही उत्तरे आम्ही चुकीची वाचली. वाचन हा तर आपला धंदा. म्हणून हा लेख.

१. काम काय होते

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका हा भातशेतीचा. तिथल्या काही गावांत भाताच्या कामाशी निगडित शब्द गोळा करायचे आम्ही ठरवले. कांडणे, सडणे, पाखडणे, आसडणे ही क्रियापदे कोशात आहेतच. पण कोणत्या गावात कोणत्या टप्प्यावरच्या कामाला कोणता शब्द लावतात, हे त्या त्या गावी बसून ऐकावे लागते. तेव्हा शब्द आणि अर्थ यांच्याइतकेच महत्त्वाचे होते स्थळ आणि सांगणाऱ्याचे नाव. स्थळाशिवाय बोलीतील शब्दाची नोंद म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

माझी एक विद्यार्थिनी संगणकशास्त्रात पदवी घेऊन एम. ए. मराठीला आली होती. ती म्हणाली, "मॅडम, वह्या नकोत. मी लहानसा प्रोग्रॅम लिहिते. नोंदीत कोणते रकाने हवेत ते एकदा सांगितले की भरायचा फॉर्म आपोआप तयार होईल." मला ते पटले.

२. प्रकारटीप म्हणजे काय

पायथनमध्ये 'क्लास' म्हणजे साचा. त्या साच्यातून काढलेली प्रत्येक वस्तू म्हणजे जणू एक मूर्ती. गणपतीचा साचा एक आणि मूर्ती शंभर, तसा 'शब्दनोंद' हा क्लास एक आणि प्रत्यक्ष नोंदी शेकडो. या साच्यावर आपण लिहून ठेवू शकतो की 'शब्द' या रकान्यात अक्षरे येतील, 'वर्ष' या रकान्यात अंक येईल. या लिहून ठेवण्याला टाइप अ‍ॅनोटेशन म्हणतात. मी त्याला 'प्रकारटीप' म्हणते, कारण तिचे स्वरूप समासातल्या टिपेसारखेच असते. ती मजकुराविषयी सांगते, मजकूर बदलत नाही. 'वर्ष' रकान्यात अंक येईल असे लिहून तिथे अक्षरे भरली, तरी पायथन स्वतःहून अडवत नाही. टीप वाचून तिचे काय करायचे ते दुसऱ्या प्रोग्रॅमने ठरवायचे असते. आमचा फॉर्म तयार करणारा भाग हा असाच एक टिपा वाचणारा होता.

फंक्शनवर अशा टिपा लिहिण्याची सोय पायथन ३.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. २०१५ च्या ३.५ आवृत्तीत 'टायपिंग' हे मॉड्यूल आले आणि टिपांचा अर्थ 'प्रकार' असा पक्का झाला. क्लासमधील रकान्यांवर थेट टीप लिहिणे २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून शक्य झाले. टिपा वाचण्यासाठी 'टायपिंग'मध्ये 'गेट_टाइप_हिंट्स' नावाचे फंक्शन आहे. एखादी गोष्ट त्याच्या हाती द्यावी, त्याने तिच्यावरच्या सर्व टिपा आपल्याला द्याव्यात, असा व्यवहार.

पुढील उदाहरणांविषयी एक सूचना. पायथनचे स्वतःचे शब्द, जसे क्लास, इम्पोर्ट, स्ट्र, मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; यंत्रावर ते रोमन लिपीतच लिहावे लागतात. मात्र 'शब्दनोंद', 'स्थळ' यांसारखी आपण ठेवलेली नावे खरोखरच देवनागरीत लिहिता येतात. तीही सोय ३.० पासूनची. 'स्ट्र' म्हणजे अक्षरांचा मजकूर.

३. पहिला संदेश : खरे बोलणारा

विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात क्लासवर टिपा नव्हत्याच. तिने एक कोरी नोंद तयार केली आणि ती 'गेट_टाइप_हिंट्स'च्या हाती दिली :

न = शब्दनोंद()
गेट_टाइप_हिंट्स(न)

उत्तर आले ते 'टाइपएरर' या त्रुटीचे. संदेशाचा आशय असा : 'ही वस्तू मॉड्यूल, क्लास, मेथड किंवा फंक्शन नाही.'

ती म्हणाली, "मॅडम, टिपा लिहायच्याच राहिल्या होत्या." तिने टिपा लिहिल्या :

क्लास शब्दनोंद:
    शब्द: स्ट्र
    अर्थ: स्ट्र
    लिंग: स्ट्र
    स्थळ: स्ट्र
    सांगणारे: स्ट्र

त्रुटी गेली. पाच रकान्यांचा फॉर्म पडद्यावर आला. आम्ही खूश झालो.

आता तो संदेश पुन्हा वाचावा. त्यात 'टिपा नाहीत' असे एक अक्षरही नव्हते. 'तुम्ही मला क्लास दिलेला नाही' एवढेच त्यात होते, आणि ते अक्षरशः खरे होते. साचा द्यायला हवा होता, आम्ही मूर्ती दिली होती. आम्ही संदेशाने सांगितलेली चूक दुरुस्त केली नाही. संदेश दिसेनासा होईल असे काहीतरी केले. एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधावर 'विधानाला आधार नाही' असा शेरा मारावा आणि त्याने ते वाक्यच खोडून टाकावे, तसे ते झाले.

मग टिपा लिहिल्यावर त्रुटी का गेली? पायथनची एक रीत आहे. वस्तूपाशी एखादी गोष्ट मागितली आणि ती तिच्यापाशी नसली, तर तो तिच्या क्लासकडे जातो. तिथेही नसली तर त्या क्लासच्या मूळ क्लासकडे. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतो. आम्ही मूर्तीला टिपा मागितल्या, तिने साच्यावरच्या टिपा दाखवल्या. उत्तर बरोबर होते, पण प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारलेला होता. चुकीच्या ठिकाणी विचारून बरोबर उत्तर मिळाले, की आपल्याला तीच वाट पक्की वाटू लागते.

४. दुसरे उत्तर : संदेशच नाही

काही आठवड्यांनी म्हणी आणि ओव्याही गोळा करायचे ठरले. स्थळ आणि सांगणारे हे दोन रकाने सर्वच नोंदींना लागणार. तेव्हा विद्यार्थिनीने, शिस्तीला धरूनच, ते एका मूळ क्लासमध्ये हलवले :

क्लास मूळनोंद:
    स्थळ: स्ट्र
    सांगणारे: स्ट्र

क्लास शब्दनोंद(मूळनोंद):
    शब्द: स्ट्र
    अर्थ: स्ट्र
    लिंग: स्ट्र

म्हणजे शब्दनोंद ही मूळनोंदीची वारसदार. वारशाने तिच्याकडे पाचही रकाने आहेत. पण आम्ही अजून मूर्तीलाच विचारत होतो. वर सांगितलेली रीत इथे आडवी आली. पायथन शब्दनोंदीपर्यंत गेला, तिथे टिपांचा एक कागद सापडला, तो थांबला. त्या कागदावर तीनच टिपा होत्या. मूळनोंदीपर्यंत तो गेलाच नाही. फॉर्ममध्ये तीन रकाने उरले. त्रुटी नाही, इशारा नाही.

हेच 'गेट_टाइप_हिंट्स(शब्दनोंद)' असे क्लासला विचारले असते, तर त्या फंक्शनने वारशाची सगळी साखळी चढून पाचही टिपा एकत्र करून दिल्या असत्या. क्लासकरता ते मुद्दाम तसे वागते. वस्तूकरता वागत नाही.

त्यानंतरच्या दोन शनिवार-रविवारी नवे विद्यार्थी गावात गेले. त्यांनी जुना फॉर्म पाहिलेला नव्हता. तीन रकाने दिसले, तीन भरले. मी शेजारी बसून ऐकत होते. बोलणे ऐकण्यात गुंतले होते, पडद्याकडे पाहिले नाही. त्या चार दिवसांत आलेल्या नोंदींना ना गाव, ना नाव. पुढे ध्यानात आल्यावर आठवून आठवून बऱ्याच नोंदी दुरुस्त केल्या, पण चाळीसएक नोंदींचे स्थळ ठरवता आले नाही. त्यांतल्या पुष्कळ शब्द ज्या आजींनी सांगितले असावेत असे आम्हाला वाटते, त्या त्या पावसाळ्यात वारल्या. आता विचारायचे कोणाला?

तीन उत्तरांपैकी सर्वांत महाग पडले ते हे बिनत्रुटीचे उत्तर.

५. तिसरे उत्तर : 'शब्दनोंद कोण?'

रकाने गळाल्याचे कळले ते तिसऱ्या त्रुटीमुळे. कोशात 'पहा' म्हणून दुसऱ्या शब्दाकडे बोट दाखवलेले असते. तशी सोय करावी म्हणून विद्यार्थिनीने शब्दनोंद या क्लासमध्ये एक टीप वाढवली :

    समानार्थी: लिस्ट[शब्दनोंद]

प्रोग्रॅम सुरू होतानाच 'नेमएरर' आला : 'शब्दनोंद हे नाव ठाऊक नाही.' हे समजण्यासारखे होते. क्लास अजून पुरता घडलेला नसताना त्याच्या पोटातच त्याचे नाव घेतले होते. यावर ठरलेला उपाय आहे. फाइलच्या आरंभी एक ओळ लिहायची :

फ्रॉम __फ्यूचर__ इम्पोर्ट अ‍ॅनोटेशन्स

२०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून ही ओळ चालते. ती लिहिली की पायथन टिपांचा अर्थ तत्काळ लावत नाही. टीप जशी लिहिली तशी नुसती अक्षरे म्हणून जपून ठेवतो. कोणी विचारील तेव्हा अर्थ लावावा. ओळ लिहिली, प्रोग्रॅम सुरू झाला. फॉर्म मागितला आणि पुन्हा तोच संदेश : 'शब्दनोंद हे नाव ठाऊक नाही.'

आता मात्र विद्यार्थिनी वैतागली. "मॅडम, शब्दनोंदीच्याच वस्तूला विचारते आहे, आणि ती म्हणते शब्दनोंद कोण!" दोन दिवस ती अक्षरे तपासत होती. अनुस्वार दोन ठिकाणी वेगळा टंकला गेला आहे का, एखादे अदृश्य चिन्ह शिरले आहे का, नाव बदलून पाहावे का. नावात काहीच चूक नव्हती.

इथे मला कोशाचा दाखला उपयोगी पडला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) शब्दापुढे 'पु.', 'स्त्री.', 'न.' असे लिंग येते, काही ठिकाणी '(गो.)', '(व.)' असे प्रदेशाचे संक्षेप येतात. संक्षेप ही नुसती अक्षरे. त्यांचा अर्थ ग्रंथातील संक्षेपांच्या यादीत असतो. कोशाचे एकच पान झेरॉक्स करून कोणाच्या हाती दिले, तर 'पु.' तो ओळखेल, कारण ते सर्वांना ठाऊक आहे, 'गो.' म्हणजे काय हे त्या पानावरून त्याला सांगता येणार नाही. पानावर चूक नाही. यादी बरोबर दिलेली नाही.

नेमके हेच झाले होते. टीप 'लिस्ट[शब्दनोंद]' अशी नुसती अक्षरे बनली होती. तिचा अर्थ लावायला नावांची यादी लागते, आणि ती यादी म्हणजे ज्या फाइलीत क्लास लिहिला तिच्यातील नावे. 'गेट_टाइप_हिंट्स'ला क्लास दिला, तर तो क्लास कोणत्या मॉड्यूलमधला हे पाहून ते फंक्शन त्या मॉड्यूलची यादी उघडते. फंक्शन दिले, तर त्या फंक्शनपाशीच आपली यादी असते. वस्तू दिली, तर तिच्यापाशी अशी यादी नसते. तेव्हा ते कोरी यादी घेऊन अर्थ लावू लागते. 'स्ट्र' आणि 'लिस्ट' ही पायथनची जन्मजात नावे, ती यादीविना कळतात. 'शब्दनोंद' हे आम्ही ठेवलेले नाव. ते कोऱ्या यादीत कुठून असणार? म्हणूनच सगळ्या टिपा 'स्ट्र' असेपर्यंत काही बिघडले नाही, आणि पहिले स्वतःचे नाव येताच बिघडले.

पहिला नेमएरर आणि दुसरा नेमएरर यांचे शब्द सारखे, कारणे वेगळी. पहिल्या वेळी नाव अजून जन्मायचे होते. दुसऱ्या वेळी नाव होते, पण शोधणारा भलत्या दप्तरात शोधत होता. 'नाव ठाऊक नाही' याचा अर्थ 'नाव अस्तित्वात नाही' असा नव्हे. 'मी जिथे पाहिले तिथे नाही' इतकाच. कुठे पाहिले, हे संदेश सांगत नाही. ते वाचणाऱ्याने विचारायचे असते.

६. एक चूक, तीन उत्तरे

एकत्र पाहू. चूक एकच : साच्याऐवजी मूर्तीला विचारले. क्लासवर आणि त्याच्या मूळ क्लासवर टिपा मुळीच नसतील, तर टाइपएरर. टिपा असतील आणि साध्या असतील, तर उत्तर. पण वारशाच्या टिपा गळालेले. टिपा अक्षररूपात असतील आणि त्यांत आपण ठेवलेले नाव असेल, तर नेमएरर. आजार एक आणि लक्षणे तीन. त्यांतले एक लक्षण म्हणजे प्रकृती ठणठणीत वाटणे.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली :

गेट_टाइप_हिंट्स(टाइप(न))

'टाइप(न)' म्हणजे 'न ही वस्तू ज्या साच्यातली, तो साचा'. हे लिहिताच नेमएरर गेला आणि गळालेले दोन्ही रकाने परत आले. ते परत आल्यावरच आमच्या ध्यानात आले की ते गेले होते.

७. क्लासला विचारूनही नेमएरर आला तर

तशी वेळ येऊ शकते. तिची दोन कारणे नेहमी आढळतात. एक, टिपेतील नाव 'टाइप_चेकिंग' या अटीखाली आयात केलेले असते. ही अट प्रकार तपासणाऱ्या साधनांपुरती खरी असते. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो तेव्हा ती खोटी, म्हणून ते नाव आलेलेच नसते. दोन, क्लास एखाद्या फंक्शनच्या आत लिहिलेला असतो; त्याचे नाव मॉड्यूलच्या यादीत येत नाही. दोन्ही वेळा उपाय एकच : यादी आपण पुरवावी. 'गेट_टाइप_हिंट्स'ला 'लोकलएनएस' या नावाने जास्तीची नावे देता येतात.

२०२१ च्या ३.१० आवृत्तीत 'इन्स्पेक्ट' मॉड्यूलमध्ये 'गेट_अ‍ॅनोटेशन्स' हे दुसरे फंक्शन आले. आमच्या नोंदीसारखी साधी वस्तू त्याला दिली तर ते, तिच्या क्लासवर टिपा असोत वा नसोत, सरळ नकार देते. हा कडकपणा मला आवडला. मात्र ते क्लासच्या स्वतःच्याच टिपा देते, वारशाच्या जोडत नाही. आणि अक्षररूप टिपांचा अर्थ आपण सांगितल्याशिवाय लावत नाही. दोन फंक्शनांची कामे वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवून निवड करावी.

ही अडचण आमच्यासारख्या नवख्यांचीच नव्हती. टिपा अक्षररूपात ठेवणे ३.१० पासून सर्वांना आपोआप लागू करायचे ठरले होते. परंतु कार्यक्रम चालू असताना टिपा वाचणारी पिडँटिक, फास्ट-एपीआय यांसारखी साधने त्याने मोडतील, हे २०२१ मध्ये पुढे आले आणि तो बेत पुढे ढकलला गेला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३.१४ आवृत्तीने निराळी वाट घेतली : टिपेचा अर्थ मागितल्यावरच लावायचा, पण तिची यादी कोणती हे विसरायचे नाही. त्यासाठी 'अ‍ॅनोटेशनलिब' हे नवे मॉड्यूल आहे. माझी वरची उदाहरणे ३.१२ आवृत्तीवरची आहेत. टिपांची आतली मांडणी ३.१४ मध्ये बदलली असल्याने, वस्तूला विचारल्यावर तिथेही हीच तीन उत्तरे मिळतील असे कोणी धरून चालू नये. क्लासलाच विचारावे, हा नियम मात्र सर्वत्र चालतो.

८. शब्दसंग्रहाचे काम करणाऱ्यांसाठी

या अनुभवातून आम्ही चार गोष्टी पाळू लागलो.

पहिली, टिपा वाचायच्या त्या नेहमी क्लासवरून. हाती वस्तू असेल तर आधी 'टाइप' लावून.

दुसरी, त्रुटिसंदेश आला की तो कागदावर शब्दशः उतरवायचा आणि त्याचा मराठीत अर्थ लिहायचा. 'क्लास नाही' असे म्हटले असेल, तर आपण काय दिले ते आधी पाहायचे. 'नाव ठाऊक नाही' असे म्हटले असेल, तर कोणत्या यादीत पाहिले ते विचारायचे.

तिसरी, त्रुटी नाहीशी झाली म्हणजे चूक दुरुस्त झाली असे मानायचे नाही. त्रुटी का गेली, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही, तर काम थांबवायचे.

चौथी, प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल केला की गावात जाण्यापूर्वी फॉर्मचे रकाने हाताने मोजायचे. आता आमच्या लॅपटॉपच्या झाकणावर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तीवर पाच रकान्यांची नावे आहेत.

त्या चाळीसएक नोंदी आम्ही टाकून दिल्या नाहीत. शब्द खरे आहेत, अर्थ खरे आहेत. त्यांच्या स्थळाच्या रकान्यात 'विचारायचे राहिले' असे लिहिले आहे. अंदाजाने गावाचे नाव भरणे सोपे होते आणि विद्यार्थ्यांनी तसे सुचवलेही. मी ते मान्य केले नाही. पुढे कोणी अभ्यासक तो संग्रह उघडील, तेव्हा निदान त्याला मिळणारे उत्तर खरे असावे.